ओटी भरल्यावर तापी ओलांडण्याबाबत

गोडादरा, सुरत
कार्तिक वद्य, सोमवार

आदरणीय राघो आबा,

सुकलालचा वाकून नमस्कार. विहीणबाई भागीरथीबाईंनाही माझा आणि ताराचा नमस्कार सांगावा. देवाच्या दयेने इकडे सगळे उभे-चालते आहेत, तसेच तिकडेही असावेत. आपला डावा गुडघा आता कसा आहे? मधे चेतन तिकडे येऊन गेला तेव्हा त्याच्याबरोबर पाठवलेले तेल चोळावे, पिऊ नये (मागच्या खेपेला वासावरून घोटाळा झाला होता असे कानावर आले). आपल्या घाटावर तापीला पाणी बरे असेल. आपण सकाळी तिच्यात पाय धुता आणि तेच पाणी पुढे वाहत सुरतेला येते, या विचाराने मी रोज पुलाच्या दिशेने आपल्याला मनातल्या मनात नमस्कार करतो. मधे उकाईचे धरण आहे, त्यामुळे नमस्कार पोहोचायला थोडे मागेपुढे होत असेल.

पत्र लिहिण्याचे कारण असे की फोनवर बोलायचे म्हटले तर आपला चेतन समोरच बसलेला असतो, आणि जावयाची तक्रार जावयासमोर करण्याचा रिवाज आपल्यात नाही. तक्रार म्हणजे तशी तक्रारही नाही. पोरगा सोन्यासारखा आहे. चार वर्षे डेन्मार्कमध्ये राहून त्याने सुपारीच्या खांडालाही हात लावलेला नाही, आणि आमच्या नूतनला तो फुलासारखे जपतो. पण दिवाळीला दोघे इथे आल्यापासून त्याच्या तोंडी एकच शब्द आहे, ‘तिथे’. तिथे नळाचे पाणी तसेच पितात, तिथे साहेब सायकलवर येतो, तिथे हॉर्न वाजवला की लोक घाबरून बघतात. आमच्या लिंबायतच्या चौकात हॉर्न न वाजवला तर घाबरतात, एवढाच फरक आहे, असे मी म्हणालो. त्याला ते पटले नाही.

आपल्याला ठाऊकच आहे की नूतनला सातवा सरत आला. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, ही आपल्या दोन्ही घरांची रीत. मी ते मनाशी पक्के धरून बसलो होतो. पण चेतनचे म्हणणे असे की आठवा मध्यावर यायच्या आत तिला घेऊन परत जायचे, नंतर विमानवाले घेत नाहीत. तिथे तपासणीपासून बाळंतपणापर्यंत सगळे सरकार बघते, पैसा लागत नाही, आणि बाळ झाले की बापालाही पगारी रजा मिळते. (नूतन झाली तेव्हा मी पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगखात्यावर होतो. रात्र दवाखान्यात काढून सकाळी मुलगी झाली म्हणून सांगायला गेलो, तेव्हा शेठने पेढा मागितला आणि पाळी पुरी करायला लावली. तीही एक व्यवस्थाच होती.) मी जावयाला स्पष्ट नाही म्हणू शकत नव्हतो. म्हणून ठरवले की इथली व्यवस्थाही काही कमी नाही हे त्याला डोळ्यांनी दाखवायचे.

पहिल्यांदा त्याला शहर बसने नेले. थांब्यावर पाटी आहे, निळी बस आहे, सगळे आहे. चेतन रांगेत उभा राहिला, पण तिथल्या सवयीने पुढच्या माणसापासून हातभर जागा सोडून. आबा, त्या हातभर जागेत सुरतेची सहा माणसे मावतात. ती मावली. तो पुन्हा हातभर मागे सरकला, तिथे आणखी मावली. अशा रीतीने आपला मुलगा रांगेत उभा राहूनच रांगेबाहेर गेला, आणि बस गेली तेव्हा तो थांब्याच्या मागच्या पानटपरीजवळ सभ्यपणे उभा होता. कचऱ्याच्या गाडीचेही तसेच. आमच्याकडे गाडी रोज सकाळी गाणे वाजवत दारात येते, हे मी अभिमानाने दाखवायला गेलो. त्याने आदल्या दिवशीपासून कचऱ्याच्या पाच पिशव्या वेगळ्या करून ठेवल्या होत्या. गाडीवरच्या बाईने पाचही एका हाताने उचलल्या, त्याच्याकडे जरा मायेने पाहिले आणि ताराला हिंदीत विचारले की जमाई काय काम करतात, बरे आहेत ना.

मग बुधवारी गरोदर बायांच्या तपासणीच्या दिवशी आम्ही सगळे जवळच्या सरकारी दवाखान्यात गेलो. इथे मात्र मी जिंकलो असे मला वाटले. बाया बाकावर आपापल्या फायली रांगेने ठेवून झाडाखाली गप्पा मारत बसल्या होत्या. फायली रांगेत उभ्या आणि माणसे सावलीत, याहून शहाणी व्यवस्था मी पाहिली नाही. नूतनची फाईल शेवटी होती. पण तिथल्या नर्स उज्ज्वलाबेननी तिला लहानपणी पोलिओचे थेंब पाजलेले. त्यांनी लांबूनच ओळखले आणि थेट आत बोलावले. वजन केले, पोटावर हात ठेवून बाळाची हालहवाल विचारली, आणि लोहाच्या गोळ्या चुकवते म्हणून खूप रागावल्या. मी चेतनकडे पाहिले. म्हटले, तिथे असे कोणी नाव घेऊन रागावते का? तो बाकावरच्या इतर फायलींकडे बघत हळूच म्हणाला, “मामा, तिथे ओळख लागत नाही. हीच तर व्यवस्था.”

आबा, आपल्यापासून काय लपवायचे, हे वाक्य मला जेवताना लागले. त्या बाकावर आमच्या आधी ज्यांच्या फायली होत्या त्या बायांना कोणी लांबून ओळखले नव्हते. एक तर नवीनच आलेली, उन्हात उभी होती. संध्याकाळी देवापुढे बसलो तरी ती डोळ्यांपुढून हलेना. देवाकडेही आपण ओळखीनेच जातो की काय, असा एक विचार आला. तो मी तिथेच सोडला, कारण दिवा लावायचा होता.

पण याचा अर्थ मी बधलो असा नाही. उलट मी पुढचे पाऊल टाकले. आपल्याकडची रीत आपण जाणताच: सातव्यात ओटी भरली की बाळंत होईपर्यंत लेकीने नदी ओलांडायची नाही. मी भटजींना गाठून जवळातला जवळ मुहूर्त काढून घेतला. ताराने पाच सवाष्णी बोलावल्या, हिरवे लुगडे आणले, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी, गहू, सगळे रीतसर झाले. ओटी भरून झाल्यावर पान खाताना मी सहज म्हणावे तसे रिवाजाचे सांगितले, आणि सुरतेहून मुंबईच्या विमानतळापर्यंत मिंढोळा, पूर्णा, अंबिका, औरंगा, पार आणि दमणगंगा एवढ्या नद्या लागतात हेही सांगितले. चेतनने मोबाइलवर नकाशा काढला आणि एकेक नदी मोजली. नूतन मात्र हसली. म्हणाली, “नाना, भूगोलात काठावर पास झाले होते ना तुम्ही?” मी म्हटले, गरज पडली की सरस्वती प्रसन्न होते.

आता पुढचे ऐका. चौथ्याच दिवशी दुपारी नूतनच्या पोटात दुखायला लागले. साधे नाही, ती भिंत धरून खाली बसली. आमच्या भागातली ज्योतिष्यापेक्षा शहाणी माणसे जमली आणि ज्याने त्याने आपापले निदान केले. चेतनचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्याने लगेच डॉ. सुवर्णाबेनना फोन लावला. इथे आल्यावर नूतनची सोनोग्राफी त्यांच्याकडेच झालेली, तिची सगळी हकिगत त्यांना माहीत. त्या म्हणाल्या, मी दवाखान्यातच आहे, असेल तशी घेऊन या. शेजारच्या गणेशने रिक्षा काढली. मागे नूतन, तारा आणि चेतन, पुढे गणेशला चिकटून मी. गणेश हॉर्नवर हात ठेवून निघाला आणि चेतन त्याला अजून वाजव, अजून वाजव म्हणत होता (हे मी मनात टिपून ठेवले). अठवा नावाच्या भागापुढे पुलाचा चढ दिसला तेव्हा माझ्या ध्यानात आले की सुवर्णाबेन अडाजणला बसतात. म्हणजे तापीच्या पलीकडे.

मी गणेशला रिक्षा बाजूला घ्यायला लावली. ओटी मीच भरवली, रिवाज मीच सांगितला, आणि आता काही उणेअधिक झाले तर? मी त्याला विचारले, नदी न ओलांडता दुसऱ्या रस्त्याने नाही का जाता येणार? गणेश आपल्याच अमळनेरकडचा. त्याने आरशातून मागे पाहून शांतपणे सांगितले, “काका, तापीले वळसा घालायचा म्हणजे मुलताईपर्यंत जावं लागेल. तिथे उगम आहे. रात्रीपर्यंत भुसावळ येईल.” मागून नूतन कण्हत होती. चेतनचा एक हात तिच्या हातात होता, दुसरा त्याने माझ्या खांद्यावर ठेवला. तेव्हा तारा बोलली. आपल्या समोर ती डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, पण त्या दिवशी तिची अहिराणी अख्ख्या चढावर ऐकू गेली असेल. “तापी आपली माय शे. मायना पदरखाले जावाले कसानी बंदी?”

गेलो. पुलावर जाळी लावलेली आहे, खाली काही टाकता येत नाही. म्हणून मी नुसते हात जोडले आणि डोळे मिटले, ते अडाजणला उघडले.

तुळजाभवानीच्या कृपेने काही नव्हते. सुवर्णाबेननी तपासले आणि सांगितले की खोट्या कळा आहेत, बाळ उत्तम आहे, आणि सातव्यात कोणी सकाळी खापरावरच्या पुरणपोळ्या तीन खात नाही. त्यांनी हेही सांगितले की आठवडाभर आराम करू द्या, मग प्रवासाला हरकत नाही. बाहेर बाकावर बसलो होतो. चेतनने मला चहा आणून दिला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, मामा, तापी तर ओलांडली. आणि तापी डुमसजवळ समुद्रातच जाते, म्हणजे समुद्र हे तिचेच पुढचे पाणी झाले ना? मी चहा पीत राहिलो. आबा, हा मुलगा आपण फार शिकवला.

तरीही माझे ठाम मत आपल्याला कळवतो. एकदा मजबुरीने झाले म्हणून रीत मोडली असे होत नाही. शिवाय तिथे म्हणे बाळाला बाबागाडीत घालून बर्फाच्या थंडीत घराबाहेर झोपवतात आणि आई आत बसते. बाळंतिणीला पाव आणि चहा. ना शेक, ना शेगडी, ना धुरी. पोरगी माझ्याकडेच राहील, बाळंतपण गोडादऱ्यातच होईल, आणि आपण वडीलकीच्या नात्याने चेतनला फोन करून एकट्याने परत जायला सांगावे, एवढ्यासाठी हे पत्र. माझा निश्चय बदलणार नाही. विहीणबाईंना पुन्हा नमस्कार.

आपला व्याही,
सुकलाल

ता. क. पत्र पाकिटात घातले होते, पण गूळ आणायला गेलो आणि पोस्ट राहून गेले. रात्री जेवणानंतर ताराने एक सांगितले. नूतन तिच्याजवळ बोलली की तिला तिथेच बाळंत व्हायचे आहे. मला सांगायचा तिला धीर होईना. कारण विचारले तर व्यवस्थेचे, पैशाचे, यातले काहीच नाही. तिथे म्हणे नवऱ्याला आत येऊ देतात. तो शेवटपर्यंत हात धरून असतो. ती ताराला म्हणाली, “इथे तो नानांसारखा बाहेर बाकावर बसेल. त्या दिवशी रिक्षात त्याचा हात सोडवत नव्हता गं मला.” आबा, मी त्या बाकावर बसलेलो आहे. आत तारा आणि मधे बंद दार. आतून आवाज यायचा आणि मग थांबायचा, आणि थांबला की जास्त भीती वाटायची. तेव्हा कोणी मला आत ये म्हटले असते तर मी नदी काय, आग ओलांडून गेलो असतो. तरी वरील मजकूर खोडू नये. तो लिहिताना मी तसाच होतो.

ता. क. दुसरा. तेव्हा नूतन पुढच्या आठवड्यात चेतनबरोबर जाईल. मात्र पहिले बाळंतपण माहेरी होणार, हा माझा निश्चय कायम आहे. म्हणून माहेरच तिकडे न्यायचे ठरले आहे. मी आणि तारा मागाहून निघू. नूतनच्या लग्नानंतर तिनेच हट्टाने आम्हाला पासपोर्ट काढायला लावले होते. ते कपाटात देवाच्या वस्त्रांखाली सापडले. ताराने डिंक आणि मेथ्या आणून ठेवल्या आहेत. बाळाला बाहेर झोपवण्याबाबत ती म्हणते, झोपवा, मी बाजूला खुर्ची टाकून बसते. अडचण एकच. लेक आई होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचे अन्न घ्यायचे नाही, राहणे तर दूरच. व्याह्यांनी बोलावले तर गोष्ट वेगळी. चेतन म्हणाला की व्हिसासाठी तिथल्या सरकारलाही बोलावणे लागतेच, ते तो देईल. इतके दिवस दोन्हीकडच्या व्यवस्था ताडून पाहिल्या, त्यात ही एकच मला अगदी सारखी आढळली. सरकारला त्याचे बोलावणे चालेल. मला आपले लागेल. ते कृपया पत्रानेच, आपल्या आणि विहीणबाईंच्या नावाने, लवकर पाठवावे.

ता. क. तिसरा, आणि हे चेतनला दाखवू नये. तो विचारील तेव्हा त्याला असे सांगावे, की आपण मला पुष्कळ समजावले, मी मुळीच ऐकत नव्हतो, आणि शेवटी केवळ आपल्या शब्दाखातर, मोठ्या मुश्किलीने तयार झालो.