सत्तेचाळीसाव्या पानावरची काट

४ मार्च
संताप संताप झालाय! ही म्हणे मुलांची कादंबरी. पान ४७ — नायिकेचा बाप जाऊन तीन दिवस झालेत आणि ती गच्चीवर मैत्रिणीबरोबर उचकी लागेपर्यंत हसते. या लेखकाच्या घरात कधी कुणी मेलंय का?

प्रुफं तपासणाऱ्या बाईने ऱ्हस्व-दीर्घ बघावं, गोष्टीत नाक खुपसू नये, हे मला कळतं. तरी अख्खा परिच्छेद लाल पेनाने खोडला. ऑफिसात तसं सांगूनही टाकलं.

५ मार्च
लेखकाचा फोन. परिच्छेद राहू द्याच म्हणाले. मी म्हटलं, मुलं अशी नसतात. "तुम्हाला मुलं आहेत?" मी फोन आपटला.

आहे. दहा वर्षांची लेक. बाप गेल्याला पाच महिने झाले — रडणं नाही, हट्ट नाही, बापाबद्दल चकार शब्द नाही. सगळे म्हणतात, किती समजूतदार! त्या शब्दाची मला चीड येते. घर नुसतं गप्प. ह्यांची एक शिंक तीन मजले ऐकू जायची.

६ मार्च
संपादकांनी झापलं. खोडायचा अधिकार माझा नाही, सोमवारी प्रुफं हवीत. घरी येऊन भांडी आदळली. लेक टेबलाशी माझे कागद वाचत होती. खोडलेलं परत आणता येतं का, तिने विचारलं. येतं, म्हटलं — ओळीखाली टिंबं द्यायची, समासात 'असू दे' लिहायचं. आणि माझ्या कागदांना हात लावू नकोस! मुकाट्याने उठली.

७ मार्च
एकदा लिहूनच टाकते. ह्यांना पोचवून आलो त्याच दुपारी ही जिन्यात खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीबरोबर फिदीफिदी हसत होती. मी सगळ्यांदेखत मुस्काटात मारली. मैत्रिणीला हाकललं. ती पोर पुन्हा आमच्या दाराशी फिरकली नाही.

बाप गेलाय आणि हसते! अजूनही माझंच बरोबर वाटतं. बहुतेक.

८ मार्च
डोकं दुखतंय. प्रुफांना हात लावला नाही.

९ मार्च
प्रुफं पिशवीत भरत होते. पान ४७. खोडलेल्या प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीची टिंबं, पट्टी धरून दिलेली. समासात लेकीचं अक्षर — 'असू दे. आम्ही बाबांच्या शिंकेची नक्कल करत होतो.'

तिचं एकेक टिंब लाल पेनाने गिरवलं. मग खाली जाऊन तिच्या मैत्रिणीच्या दाराची बेल वाजवली.