राजदूतबाईंना बहीण मानलं

३ मार्च
आमच्या बेटांच्या देशाच्या परराष्ट्र खात्यासाठी मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: नारळाच्या खोडाचा ध्वजस्तंभ (गाठी तासून), करवंटीत कोरलेली राजमुद्रा, जुन्या चादरींचे सात देशांचे झेंडे, आणि परराष्ट्र धोरण. शिकवायला कोणी नव्हतं. खात्यात माणसं दोनच: मंत्री टेकाई, म्हणजे माझा मामेभाऊ, आणि मी. टेकाई आज बाहेरच्या बेटांवर गेला. जाताना म्हणाला, मी येईपर्यंत काही करू नकोस. केवढा विश्वास!

५ मार्च
उद्दिष्ट: बेटाला धक्का मिळवणे. सध्या जहाज लांब थांबतं, माल होडीतून येतो, होडी उलटते. गेल्या खेपेला सासूबाईंची औषधं माशांनी खाल्ली. धक्का आणलास तर परदेशात आपला पहिला राजदूत तूच, असं टेकाईने कबूल केलंय. बदल्यात द्यायला आपल्याकडे काय? खोबरं, मासे आणि संयुक्त राष्ट्रांतलं एक मत. खोबरं कोणी मागत नाही.

८ मार्च
उत्तरेकडच्या मोठ्या देशाचे श्री. हॉलबर्ग आले. मत मागितलं, बदल्यात प्रस्ताव ठेवला. पण सभाघरात चटईवर चक्क पाय पसरून बसले! तळवे थेट आमच्या घराण्यातले सर्वांत वडीलधारे, काबुताआजोबा, यांच्या नाकासमोर. प्रस्ताव जागच्या जागी फेटाळला. रक्कम लिहीत नाही. मुत्सद्द्याला शोभत नाही. बायको म्हणाली, अहो, गुडघे दुखत असतील त्यांचे! तिला शिष्टाचारातलं काही कळत नाही.

९ मार्च, पहाटे
सुचलं! आपल्यात नातेवाइकाने बुबुती केली, म्हणजे वस्तू मागितली, की नाही म्हणता येत नाही. तेव्हा पश्चिमेकडच्या देशाच्या राजदूत श्रीमती ओर्टेगा यांना बहीण करून घ्यायचं आणि धक्का मागायचा. नाही म्हणतील कशा? जगातल्या एकाही परराष्ट्र खात्याला हे सुचलेलं नाही.

९ मार्च, संध्याकाळ
मेव्हणा ध्वजस्तंभ मागून घेऊन गेला. होडीला डोलकाठी हवी होती. हरकत नाही. झेंडा माडाला बांधू.

१२ मार्च
बाई आल्या. मांडी घालून बसल्या, आखूड झग्यातही गुडघे झाकले. काबुताआजोबांनी सभाघरातली आमच्या घराण्याची जागा दिली, म्हणाले, आजपासून ही आमची लेक. मग मी बहिणीला बुबुतीचा नियम तपशीलवार समजावला. अपवाद एकही नाही, हे दोनदा सांगितलं. टेकाई येईपर्यंत इथलं सरकार मीच, हेही. बाई मन लावून ऐकत होत्या. हुशार आहे पोर.

१३ मार्च
सगळ्यांसमक्ष धक्का मागितला. ताई म्हणाली, दादा, माझा असता तर आत्ता दिला असता. पण तो आमच्या सरकारचा, आणि आमचं सरकार काही तुमच्या नात्यात नाही. मुद्दा बिनतोड. मग म्हणाली, आता मी मागू? तुमचं ते मत द्या ना मला.
मी छपराकडे पाहिलं. काबुताआजोबा खेकसले, अरे, बहीण मागतेय, आढ्याला काय बघतोस?
दिलं.

१४ मार्च
आढावा. धक्का तूर्त नाही. पण धक्के लाटांनी झिजतात, नाती झिजत नाहीत. बायको म्हणाली, नात्याला होडी बांधता येते का? निघताना ताईला राजमुद्रा आवडली. तीही दिली. राजदूत झाल्यावर नवी कोरेन, मोठ्या करवंटीत.

१७ मार्च
टेकाई परतला. किनाऱ्याशी होडी उलटली, तसाच ओलागच्च खात्यात शिरला. सगळं त्याला वाटेतच कळलं होतं. म्हणाला, तू राजदूत? लेका, तुला माझी डुकरं राखायला देणार नाही. कोणी मागितली तर देऊन बसशील! वर विचारलं, तो हॉलबर्ग काय देत होता?
मी आधी पायांचं सांगितलं. तो म्हणाला, पाय राहू देत.
मग सांगितलं. काँक्रीटचा धक्का, त्याच्या टोकाला दिवा, आणि वर चाळीस लाख डॉलर.