सम तारखेला येऊ नकोस

मोंढा रोड,
रविवार, दुपार

प्रिय मिनाताई,

तुझ्या धाकट्या नितूचा वाकून नमस्कार (गुडघे परवानगी देतात तेवढाच वाकून).

आपण बोर्डिंगातून सुट्टीला घरी निघायचो तेव्हा नांदेडच्या स्टँडवर एस.टी. लागली की तू काय करायचीस, आठवतं? फ्रॉकला सेफ्टी पिनने अडकवलेला रुमाल काढायचीस, टाचा उंच करून खिडकीतून आत टाकायचीस आणि मग मला ओढत दाराकडे न्यायचीस. एकदा एका धिप्पाड बाईने तो रुमाल चिमटीत धरून बाजूला ठेवला आणि ती ऐसपैस बसली. तू दारातच लटकत होतीस. मी तर अजून फलाटावर ट्रंकेवर बसून रडत होते. तू तिथूनच ओरडलीस, "उठा हो, तिथे माझी बहीण बसलेली आहे!" आणि ती उठली की गं! नुसती उठली नाही, न बसलेल्या मला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून उठली. (सुट्टीनंतर सिस्टर ॲग्नेसने रुमालावरची सीटची धूळ पाहून तुला शिक्षा केली ती वेगळी. तू कारण काही सांगितलं नाहीस. मीही नाही.)

तुझी तब्येत कशी आहे? गुडघ्याला तेल लावतेस की नुसतं उशाशी ठेवतेस? अकोल्याची थंडी यंदा जास्त आहे म्हणतात. रणजीत, सूनबाई, लेकरू सगळी मजेत असतील. फोनवर हे विचारता येतं, पण फोन रणजीतच्या गाडीत स्पीकरवर असतो आणि "मावशी, नंतर करतो" हे मला आता पाठ झालं आहे. म्हणून पत्र. शेजारच्या धुरपताबाईंचा बालाजी टेम्पो घेऊन अकोल्याला निघाला आहे, त्याच्या हाती देते आहे.

दिवाळीनंतर तू आलीस त्याला येणं म्हणावं का, हे मी अजून ठरवलेलं नाही. रणजीतने इंजिन बंद केलं नाही. मागे उसाचा ट्रॅक्टर, त्याच्यामागे जीप, जीपच्या मागे सगळं जग भोंगे वाजवत. तू अर्धा कप चहा ओट्यावर उभ्यानेच घेतलास आणि तोही बशीतून. जाताना खिडकीतून म्हणालीस, "निते, तुझ्याकडे गाडी लावायची सोय झाली ना, की चांगली दोन दिवस राहायला येते." मग काच वर गेली. तू हे सहज म्हणाली असशील. पण मोठ्या बहिणीचं बोलणं खरं मानायची मला लहानपणापासून सवय (या सवयीपायी मी आठवीत एकदा मेणबत्ती खाल्ली होती, पण ते असो). हे गेल्यापासून या घरात रात्री दुसऱ्या कुणाचा खोकला ऐकलेला नाही. म्हणून मी तुझं वाक्य धरून ठेवलं आणि गाडीच्या सोयीला लागले.

आणि नेमके त्याच आठवड्यात रस्त्यावर पांढरे पट्टे आले. आमच्या दारापुढे एका गाडीएवढा चौकोन! मला वाटलं, देवाने ऐकलं. रणजीतची गाडी केवढी ते मी बालाजीकडून विचारून घेतलं, तेवढी सुतळी कापली आणि चौकोनावर धरली. बसत होती. अगदी माझ्या पोळपाटाला लाटलेली पोळी बसावी तशी. त्या संध्याकाळी मी तुझ्यासाठी आतल्या खोलीतला पलंग झटकला. सकाळी बघते तर चौकोनात सहा मोटरसायकली. ते पट्टे फक्त दुचाकींसाठी होते. मी पलंगावर चादर परत अंथरली.

मग पंधरवड्याने दुसरा हुकूम आला. एका बाजूलाच गाड्या, आणि ती बाजू समोरची. समोर चाँद पाशांचं शिवणाचं दुकान. ते भले गृहस्थ, म्हणाले, "बाईजी, आपकी बहेन की गाडी हमारे सामने लगाव, मैं नजर रखता." मी पुन्हा पलंग झटकला. तेवढ्यात तिसरा हुकूम आला आणि मोठी पाटी लागली: विषम तारखेला आमची बाजू, सम तारखेला समोरची. मला हा नियम आवडला, खरं सांगते. शाळेतल्यासारखा वाटला. (सोमवारी पांढरे मोजे, शनिवारी कॅनव्हासचे बूट.) पण नियम करणाऱ्यांनी एक गोष्ट विचारातच घेतली नाही. तारीख म्हणजे कुणाची तारीख?

धुरपताबाईंचं सगळं आयुष्य तिथीवर चाललेलं. बालाजीचा टेम्पो कुठे लावायचा ते त्या ठरवतात, कारण टेम्पो त्यांच्या नावावर आहे आणि बालाजीही. पहिल्याच आठवड्यात तेरा तारखेला टेम्पो समोरच्या बाजूला उभा. शिट्टी वाजली. शिट्टी वाजवणारा जळबा, रोजंदारीवरचा, सबंध रस्ता सांभाळायला तो एकटाच. धुरपताबाई ओट्यावरूनच म्हणाल्या, "काहून शिट्टी वाजवून राहिला रे? आज दशमी हाय. धा म्हंजे सम न्हाई का?" जळबा म्हणाला, "मावशे, दशमी न्हाई, तेरा तारीख चालते." त्यावर त्या म्हणाल्या, "तेरा तुमच्या सायबाची. माझी दशमीच."

चाँद पाशांची स्कूटर मात्र त्या दिवशी बरोबर बाजूला होती, म्हणून जळबाने त्यांचं उदाहरण दिलं. ते खूश झाले आणि म्हणाले, "बराबर है, आज चाँद की तेईस है." म्हणजे त्यांचा हिशोब तिसराच! पुढचा चंद्र एक दिवस आधी दिसला आणि तेव्हापासून त्यांची स्कूटर रोज चुकीच्या बाजूला. त्यांनी जळबाला दुकानातलं कॅलेंडर आणून दाखवलं. जळबाने पाटी दाखवली. धुरपताबाईंनी पंचांग आणलं. मधे रस्ता पूर्ण बंद. वसमतला हळद घेऊन निघालेले दोन टेम्पो तिथेच उभे राहिले आणि त्यांचे ड्रायव्हर खाली उतरून चर्चेत सामील झाले.

शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, तेव्हा साहेबांची तारीख मला ठाऊक असणार, असा गल्लीचा पन्नास वर्षांपासूनचा समज. त्या दिवसापासून ताई, मला रोज सकाळी दात घासायच्या आत सांगावं लागतं. "बाई, आज कोणती बाजू?" दूधवाला विचारतो, जीपवाले विचारतात, आणि ज्यांच्याकडे गाडी नाही तेही विचारतात. थकले गं मी. सम, विषम, सम, विषम. रात्री जप करावा तसं तोंडात येतं.

पण नियम समजला म्हणून जागा थोडीच मिळते? विषम तारखेला दारापुढे पहाटेच कुणीतरी गाडी लावून बाजारात जायचं ते दिवेलागणीला यायचं. तू अचानक आलीस तर? म्हणून मी तुझी युक्ती केली. रुमाल रस्त्यावर टाकून भागणार नाही, म्हणून वेताची खुर्ची टाकली (बाबांची, हात असलेली). नुसती खुर्ची लोक उचलून बाजूला ठेवतात हे लगेच कळलं, तेव्हा मीच तिच्यावर बसायला लागले. तुरीच्या शेंगा सोलत. आजूबाजूने ट्रॅक्टर, जीप, बैल, लग्नाची वरात, आणि मधे मी. लोकांना वाटलं, माझी नेमणूक झाली. गाडी लावून किल्ली माझ्या मांडीत टाकायचे. एका सेनगावच्या गृहस्थाने लेकरू ठेवलं आणि तो कापड घ्यायला गेला. लेकरू गुणी होतं, त्याने माझ्या अर्ध्या शेंगा सोलल्या.

मग आमचं बघून सगळ्यांनीच जागा धरायला सुरुवात केली. कुणी टायर, कुणी फुटका माठ, कुणी पाटा. साडीच्या दुकानदाराने काचेतली बाहुलीच आणून उभी केली. लगेच चौथा हुकूम: रस्त्यावर वस्तू ठेवून जागा अडवायला बंदी. जळबा ट्रॉली घेऊन आला तेव्हा मी जरा भाजी फोडणीला टाकायला आत गेले होते. बाहेर आले तर खुर्ची ट्रॉलीत, तिच्यावर माठ, आणि शेजारी बाहुली उभी राहून निरोप घेते आहे.

मी खुर्ची सोडवायला नगरपालिकेत गेले. तिथल्या कारकुनाने विचारलं, ती माझीच कशावरून? मी म्हटलं, उजव्या हाताला रेललं की कुरकुरते. तो म्हणाला, "मावशी, इथल्या सगळ्याच कुरकुरतात." तरी त्याने मला मागच्या आवारात पाठवलं. तिथे उचलून आणलेल्या वस्तूंच्या ढिगाऱ्याजवळ आपली खुर्ची होती आणि तिच्यावर जळबा भाकरी खात बसला होता. चपला काढलेल्या, पाय समोर पसरलेले. मला बघून धडपडत उठला. "घ्या बाई, तुमचीच हाय. दिसभर उभं राहून टाचा गेल्या, म्हणून जरासा टेकलो." मला एकदम एस.टी.च्या खिडकीपाशी टाचा उंच केलेले तुझे पाय आठवले. खुर्ची मागायला गेलेली मी "बस रे बाबा" म्हणून परत आले. बाबांची आठवण म्हणून तू रागावशील. रागवायला तरी ये.

त्याचा एक फायदा झाला. जळबा आता नवा हुकूम पाटीवर चढायच्या आधी मला सांगून जातो. बाकी इकडे सर्व क्षेम. थंडी बरी आहे. पलंग झटकून झटकून त्याची एक पट्टी सैल झाली आहे, ती सुताराकडून ठोकून घेतली. तू माझी काळजी करू नकोस, मलाही आता करायचा कंटाळा आला आहे.

तुझी,
नितू

ता.क. मुख्य गोष्ट राहिलीच. काल रात्री कॅलेंडर बघताना माझ्या लक्षात आलं: एकतीस विषम, आणि दुसऱ्या दिवशी एक, तीही विषम! ताई, सगळ्या महिन्यांत एवढ्याच ठिकाणी नियम झोपतो. या डिसेंबरच्या एकतीसला तू आलीस तर गाडी रात्रभर हलवावी लागणार नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही. चांगले दोन दिवस होतात, तू म्हणाली होतीस तेवढे. जागेचीही काळजी नको. पहाटेपासून दारापुढे धुरपताबाई स्वतः बसणार आहेत. मी बंदीची आठवण दिली तर म्हणाल्या, "बंदी वस्तू ठिवायला हाय माय, म्हातारी ठिवायला न्हाई." रणजीत कनेरगाव नाक्यावर चहाला थांबला की एक फोन कर, म्हणजे त्यांना उठवते. फक्त सम तारखेला येऊ नकोस.

ता.क.चा ता.क. पाकीट चिकटवलं होतं ते पुन्हा उघडलं. आत्ता जळबा येऊन गेला. उद्यापासून मोंढा रोडवर चारचाकी पूर्ण बंद. दोन्ही बाजूंना, सगळ्या तारखांना, सगळ्यांच्या कॅलेंडरांत. तो सांगताना असा ओशाळला होता, जणू त्यानेच ठरवलं. मी ओट्यावर बसून हसले, मग पुन्हा पेन शोधलं. (बालाजी टेम्पो घेऊन घाईने निघाला आहे, कारण उद्यापासून तोही आत येऊ शकणार नाही.) तर आता असं कर. रणजीतने तुला मोंढ्याच्या कोपऱ्यावर उतरवावं आणि गाडी घेऊन तसंच अकोल्याला परत जावं. तिथून माझं दार बोर्डिंगात आपल्या जेवणघरापासून चॅपल होतं तेवढंच लांब. मी हात धरायला येईन. गाडीच नसली की बाहेरून भोंगा कोण वाजवणार? तारीख कोणतीही चालेल. सम सुद्धा.

पिशवीबद्दल. सोललेले तुरीचे दाणे सूनबाईला दे आणि आजच्या आज शिजवायला सांग, उद्यावर टिकणार नाहीत. हळद निम्मी तिला, निम्मी तुझ्या त्या शेजारणीला, जिने मला गुडघ्याचं तेल दिलं. शेवया चाँद पाशांच्या मदीनाबीने रणजीतसाठी दिल्या आहेत. लहानपणी तो इथे येऊन त्यांच्या घरी खायचा हे तो विसरला, त्या विसरल्या नाहीत. दुपट्याची गोधडी लेकराला. सुतळीची गुंडाळीही रणजीतलाच, त्याच्या गाडीएवढी मोजलेली आहे, आता गच्चीत कपडे वाळत घालायला होईल. बालाजीला बसवून चहा दे, उभ्याने नको.

तुझा तो शाळेतला, माझ्याकडेच राहिलेला, कोपऱ्यावर लाल दोऱ्याने 'मि' काढलेला रुमाल मात्र पिशवीत शोधू नकोस. तो मी पाठवलेला नाही. आतल्या खोलीतल्या पलंगावर, खिडकीकडच्या बाजूला टाकून ठेवला आहे. धुरपताबाईंची नात काल तिथे निजायला निघाली होती. मी तिला म्हटलं, ऊठ गं, तिथे माझी बहीण बसलेली आहे.