सापुताऱ्यास एकट्याने

२ फेब्रुवारी १९९८, सोमवार
दाताच्या डॉक्टरांकडे बराच वेळ बसावे लागले. तेथील एका जुन्या इंग्रजी मासिकात माझ्याविषयी लेख सापडला. माझे नाव त्यात नाही. परंतु वर्णनात एकही चूक नाही. जगातील काही मोजकी माणसे जन्मतः अतिसंवेदनशील असतात. आवाज, वास, उजेड आणि इतरांचे मन या गोष्टी त्यांना सामान्य माणसापेक्षा फार अधिक जाणवतात. लेखाच्या अखेरीस प्रश्नावली होती. सर्व प्रश्नांना माझे उत्तर 'होय' आले. एकाला 'होय, परंतु प्रश्नाची वाक्यरचना सदोष' असे आले.

अशा व्यक्तींनी अधूनमधून एकट्याने प्रवास करावा, त्यातून त्यांचा आंतरिक विकास होतो, असे लेखिकेचे मत आहे. मी बी.कॉम. आहे, साड्या रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमध्ये डिस्पॅच खात्याचा प्रमुख आहे, सुरतेच्या उधन्यात स्वतःचे घर आहे. आंतरिक विकास तेवढा राहिला आहे. माझ्या सहीने साड्यांच्या गाठी मदुराईपासून कानपूरपर्यंत जातात. मी स्वतः एकटा नंदुरबारच्या पुढे गेलेलो नाही. नंदुरबारलाही एकटा गेलो तेव्हा सौ. बरोबर होती.

दाढ काढली नाही. ड्रिलचा आवाज माझ्यासारख्यास सोसणार नाही, हे आता शास्त्राने सिद्ध झालेले आहे. नंबर येण्यापूर्वीच उठून आलो. गालास सूज आहे.

३ फेब्रुवारी, मंगळवार
रात्री जेवताना जाहीर केले: सापुतारा, एकट्याने. सौ. विरोध करील या अपेक्षेने उत्तर तयार ठेवले होते. तिने "कधी निघता?" एवढेच विचारले. धनश्रीने ताट तसेच ठेवून माळ्यावरून बॅग काढली. आपल्या प्रकृतीची गरज घरच्यांना इतकी समजते, हे पाहून भरून आले.

थोड्या वेळाने मेहुणे गजेंद्र आले. येत्या रविवारी दोंडाईच्याची मंडळी धनश्रीला पाहायला येणार आहेत. मुलगा संदीप, सहकारी बँकेत आहे. मुलीचा बाप या नात्याने प्रवास पुढे ढकलावा लागणार, असे मी म्हणालो. तिघेही एकदम बोलू लागले. पाहणे म्हणजे केवळ प्राथमिक चौकशी, निर्णय तुम्ही आल्यावर, असे सौ. म्हणाली. इथले ते पाहून घेणार. गजेंद्र म्हणाले, "तुमी जा दाजी. आठलं आमी देखी लेसूत." स्वतःचा कामधंदा सोडून हा माणूस माझ्या विकासासाठी राबतो आहे.

यापूर्वी दोन स्थळे आली होती. शिरपूरच्या मुलाचे काका बशीतून चहा ओढत होते. तो आवाज माझ्या मणक्यापर्यंत जात असल्याचे मी त्यांना अत्यंत सौम्य शब्दांत सांगितले. चोपड्याच्या मुलाच्या आईच्या केसांना उग्र तेल होते. मी सर्व खिडक्या उघडून त्यांना वाऱ्याच्या दिशेने बसवले. दोघांकडून नकार आला. कारण कळवले नाही. सूक्ष्म मनाच्या घराण्याशी सोयरीक करायला धैर्य लागते.

संदीपचे नाव निघाले की धनश्री ओट्याकडे तोंड करून उभी राहते. मुलगा पसंत नसावा. मला अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

५ फेब्रुवारी, गुरुवार
अर्धा दिवस रजा. रंगीत तालीम म्हणून एकट्याने डुमस. समुद्राकडे तोंड करून आत्मचिंतन करण्याचा बेत होता. समोर समुद्र असला तरी मागे टोमॅटोची भजी होती आणि वारा मागून येत होता. एका जोडप्याने फोटो काढेपर्यंत धरा म्हणून त्यांचे मूल माझ्याकडे दिले. मूल ओले होते.

परतीच्या बसमध्ये शेजारचे मारुतीराव भेटले. परभणीकडचे. लूमच्या कारखान्यात जॉबर होते, माग दुरुस्त करायचे. मागाच्या खडखडाटात दोन्ही कान गेले आहेत. काहीही विचारा, ते प्रसन्नपणे मान हलवतात आणि मिळेल ते खातात. संवेदनशीलतेचा इतका संपूर्ण अभाव मी अन्यत्र पाहिलेला नाही. त्यांना माझ्या प्रकृतीविषयी उधन्यापर्यंत सविस्तर सांगितले. त्यांनी मान हलवली.

७ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी प्रस्थान. सामान: स्वतःची चादर, उशी, पेला, कानांसाठी कापूस, वासासाठी कापूर, लॉजमधले दिवे डोळ्यांवर येतात म्हणून घरचा मंद बल्ब.

दुपारी परत. मला दिलेली सीट बरोबर चाकावर होती. चाकावर बसून विकास होत नाही. कंडक्टरला तसे समजावले. तो म्हणाला, काका, विकास पुढच्या गाडीने करा, उतरा.

दार सौ.ने उघडले. मला पाहून ती उंबऱ्यातच बसली. डोळ्यांत पाणी. केवळ काही तासांच्या विरहाने ही अवस्था. माझ्या मागे तिचे कसे होत असेल, या विचाराने जेवण गेले नाही. पोळ्या मात्र बऱ्या झाल्या होत्या, चार खाल्ल्या.

८ फेब्रुवारी, रविवार
दोंडाईच्याची मंडळी आली नाहीत. गजेंद्र पहाटेच एसटीडी बूथवर गेले होते. मुलाच्या आजीचे गुडघे अचानक दुखू लागल्याचे त्यांनी येऊन सांगितले. आता पुढच्या रविवारी. मी घरी असताना ते येऊ शकले नाहीत, हा योगायोग त्यांच्या दृष्टीने दुर्दैवी आहे.

दिवसभर धनश्री माझ्याशी बोलली नाही. आपला बाप पुन्हा जाणार, हे तिला सोसत नसावे. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितले की पुढच्या खेपेस गेलोच नाही तरी चालेल. ती उठून मोरीत गेली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
दुसरे प्रस्थान. लग्नसराईचे बँड आणि निवडणुकीच्या रिक्षांचे कर्णे यांमुळे सुरत माझ्यासारख्यास राहण्याजोगी नाहीच. गजेंद्र स्टँडवर सोडायला आले. बस हलल्यावरही तिच्या शेजारून बरेच धावले. असे प्रेम हल्ली दुर्मीळ.

सीट पुढची, चाकापासून दूर. कंडक्टरने पाहताक्षणी ओळखले. "गजूभाऊंचे दाजी ना तुम्ही? मग आता सापुताऱ्यापर्यंत हलायचं नाही." प्रवाशाचे तेज चेहऱ्यावर उमटत असावे. वांसद्यास एक बाई कोंबड्यांची पाटी घेऊन चढल्या. मी परतीचा निर्णय घेऊन उठलो. परतीच्या सर्व गाड्या निवडणुकीच्या कामाला लावल्या आहेत, अशी माहिती कंडक्टरने दिली. एक गाडी समोरून सुरतेकडे जाताना दिसली. ती रिकामी नेऊन उभी करायची असते, असे तो म्हणाला. तिच्यात माणसे उभी होती. ती निवडणुकीची.

१४ फेब्रुवारी, शनिवार, सापुतारा
लॉजचा मालक पांडुरंग नाशिककडचा. तोही गजेंद्रांना ओळखतो. जग लहान आहे.

झोप लागली नाही. येथे आवाजच नाही. उधन्यात रात्रभर माग चालतात. त्या तालावर माझ्या मज्जातंतूंची घडी बसलेली असावी. शांततेचा मला इतका त्रास होईल, हे लेखिकेने लिहायला हवे होते. पहाटे उठून पंखा लावला. थंडीने कापत पडून राहिलो, पण पंख्याची करकर सुखावह होती.

तळ्यावर गेलो. एकट्यास बोट देत नाहीत. एका नवविवाहित जोडप्याच्या बोटीत तिसरा म्हणून बसवले. तरुण पाय नीट मारत नव्हता, ते निदर्शनास आणले. नंतर पाय मी एकट्याने मारले. ती दोघे मागे बसून अबोल होती. एकांताचे महत्त्व त्यांनाही कळले असावे.

दुपारी परतायचे ठरवले. पांडुरंग म्हणाला, सोमवारपर्यंत गाडीच नाही. फोन करण्यासाठी बूथवर गेलो. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराने सौ.ला बोलावून आणले. तिने आधी विकास कितपत झाला ते विचारले. साधारण अर्धा, मी म्हणालो.
"मग पुरा करूनच या," ती म्हणाली.

१५ फेब्रुवारी, रविवार
सनसेट पॉइंट. आत्ता घरी दोंडाईच्याची मंडळी बसली असतील. ती क्षणोक्षणी माझ्याविषयी विचारत असतील, सौ.स उत्तरे देता देता पुरेवाट झाली असेल. बाप नसलेल्या बैठकीत काय बोलणार बिचारे. सूर्य बुडताना डोळे भरून आले. उजेड फार होता.

विकास पूर्ण झाला. आतून हलके वाटते. दुपारचे वरण मानवले नव्हते, तेही एक कारण असू शकेल.

१६ फेब्रुवारी, सोमवार, घरी
सुपारी फुटली. लग्न मे महिन्यात.

प्राथमिक चौकशीत सुपारी कशी फुटते, याचा खुलासा मागितला. गजेंद्रांनी सांगितला तो असा. मारुतीराव आपल्या घरच्या खुर्च्या द्यायला आले होते. सौ.ने त्यांना बसवून पोहे दिले. ते माझ्या आरामखुर्चीत बसले. मुलाची आजी इंदुबाई आत येताच सरळ त्यांच्याजवळ गेल्या आणि त्यांनाच मुलीचा बाप समजून बोलू लागल्या. त्यांनी मान हलवली. मुलाच्या वडिलांनी मिठी मारली. त्यांनी मान हलवली. देण्याघेण्याविषयी विचारले, तेव्हाही तेवढेच केले आणि पोहे खात राहिले. त्या मंडळींना असा व्याही जन्मात भेटला नव्हता.

"मी तोंड उघडनार दाजी, तेवढ्यात त्यांनी मारुतीभाऊंना कुंकू लावलं. टोपी घातली. टोपी घातलेल्या माणसाला तुम्ही बाप नाही, असं कसं सांगणार?"

इंदुबाई निघताना म्हणाल्या, पोरगी तर बरी शेच, पण आम्ही स्थळ पक्कं केलं ते याहीकडे पाहून. याही म्हणजे व्याही, म्हणजे मारुतीराव.

मी काही बोललो नाही. आंतरिक विकासाचा हा पहिला पुरावा. सौ.च्या मते मला धाप लागली होती.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
ऑफिसात लक्ष नाही. कटकच्या गाठी कोट्यास गेल्या.

वस्तुस्थिती दोंडाईच्यास तात्काळ कळवण्याचा निर्णय रात्री घरच्यांना सांगितला. गजेंद्रांचे म्हणणे, तेथे साखर वाटून झाली. आता कळले तर फसवले म्हणतील आणि हे तिसरेही स्थळ जाईल. लग्न लागू द्या, मग सावकाश सांगू. सौ.ने विषय बदलून, मे महिन्यात महाबळेश्वरची हवा फार उत्तम असते म्हणे, असे सांगितले. लग्न मे महिन्यातच आहे, हे मी लक्षात आणून दिले. ती म्हणाली, हो, तेव्हाच.

मारुतीरावांकडे जाऊन खडसावले. त्यांनी मान हलवली. टोपी त्यांना बसते चांगली.

परत आलो तर धनश्री ओट्याशी उभी. नापसंत मुलातून सुटका करतो आहे, काळजी नको, असे मी तिला म्हणालो. ती वळली.
"पप्पा, मला संदीप पसंत आहे. दिवाळीपासून. मामाकडे भेट झाली होती. शिरपूर, चोपडा झाल्यावर मीच मामांना म्हटलं, पप्पा गावाला गेले की मग बोलवा."
आवाज अजिबात चढलेला नव्हता. मला तो मणक्यापर्यंत गेला.

लेखातील 'इतरांचे मन' हा भाग मी बहुधा घाईत वाचला होता, पुन्हा वाचायला हवा. डॉक्टर तेवढ्या मासिकासाठी आत सोडणार नाहीत. दाढही दाखवावी लागेल.

२२ फेब्रुवारी, रविवार
सौ. आणि गजेंद्र साड्यांच्या खरेदीला बॉम्बे मार्केटात. दुपारी कडी वाजली. दार मी उघडले. दारात एक वृद्ध बाई, मागे एक शिडशिडीत तरुण, हातात मिरच्यांचे गाठोडे. दोंडाईच्याच्या इंदुबाई आणि संदीप. ब्लाउजचे माप न्यायला न कळवता आले होते.

आजींनी आत डोकावून याही कुठे आहेत म्हणून विचारले. स्वयंपाकघराच्या दारात धनश्री. तिने माझ्याकडे पाहिले.

बाहेरगावी गेले आहेत, मी म्हणालो. एकट्याने. त्यांना अधूनमधून लागते.

"आन् तुमी कोन?"

वस्तुस्थितीचे निवेदन मसुद्यासह तयार होते. सहा मुद्दे. पहिला मुद्दा 'मी' या शब्दाने सुरू होत होता.

"शेजारी," मी म्हणालो.

त्या बसल्या. मला आरामखुर्चीकडे जाणे योग्य दिसेना. खाली चटईवर बसलो. धनश्री पाणी घेऊन आली. त्यांना दिले, संदीपला दिले, मग माझ्यापुढे वाकली. "घ्या काका." मी पेला दोन्ही हातांनी धरला.

मुलाकडचे लोक चौकशी करणारच. मुलीचा बाप माणूस म्हणून कसा आहे, खरे सांगा, शेजाऱ्याला सगळे ठाऊक असते, असे आजी म्हणाल्या. मी विचार केला. मग सांगितले की फार शांत माणूस आहे, घरात असला तरी कळत नाही. मुलीवर जीव आहे. बोलून दाखवायला जमत नाही. आणखीही बरेच सांगितले. मध्ये धनश्री आत निघून गेली.

आजींचे समाधान झाले. उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या केसांच्या तेलाचा वास आला. मी कुठेच सरकलो नाही.

"शेजारी असावा तर असा," त्या म्हणाल्या. "लगीनले तुमी बी या. घरना सर्व्यासले संगे लई या."