रानहंसांना कळवलंय का?

प्रिय दादा,

तुझं नाताळातलं पत्र चहाच्या डब्यामागे तसंच ठेवलंय आणि उत्तर द्यायला जून उजाडला. रागावू नकोस. आधी बर्फ, मग रानहंस, मग गुडघाभर चिखल, आणि या सगळ्यात तुझी बहीण गावच्या शाळा समितीची अध्यक्ष! हसून घे. जिचं स्वतःच्या घरात कुणी ऐकत नाही, तिच्या शब्दावर आता शाळेची घंटा वाजते. गॉर्डन मला जेवायला हाक मारतानासुद्धा ‘अध्यक्षबाई’ म्हणतो. नवरा म्हणून बरा आहे, पण जीभ तीच जुनी.

तुला खाणीतल्या गडबडीत हे कितपत कळलंय कोण जाणे, म्हणून नीट सांगते. आपल्या शाळा आता ओटावाच्या सरकारच्या हातात नाहीत. आपल्या क्री लोकांच्या गावांनी मिळून आपलं मंडळ केलं, आणि प्रत्येक गावाला आपली समिती. सुट्टी कधी, शिक्षक कोण, शिकवायचं कुठल्या भाषेत, हे ठरवायला आता कुणी कोट घालून विमानातून उतरत नाही. मला त्यातलं एकच हवं होतं: पहिलीचा वर्ग आपल्या भाषेत. माझा लीवाय सहा वर्षांचा झालाय, सप्टेंबरात तो पहिलीत जाईल. पण त्या वर्गाचे पैसे सरकारकडून यायचे होते, आणि गावाला शाळा झेपते का हे बघायला वसंतात त्यांचा माणूस येणार होता. त्याला पटलं तर वर्ग, नाहीतर पुन्हा इंग्रजी मुळाक्षरं आणि कधीही न पाहिलेल्या गाईचं चित्र.

ऑगस्टात पहिली बैठक झाली. पहिलाच ठराव रानहंसांच्या शिकारीसाठी सुट्टीचा, आणि हात सगळ्यांचे वर. ओटावाच्या काळात मुलं शिबिरावर गेली की गैरहजेरी लागायची आणि आयांना दटावणीची पत्रं यायची, मी लिहिलं होतं ना? आता ते संपलं. आम्ही ऐटीत तारखा घातल्या, मे महिन्याचे पहिले दोन आठवडे, आणि भिंतीवर कागद लावला. सिलास मामा, तुझा-माझा मामा, आपल्या किनाऱ्यावरचा शिकारीचा मुखिया, तो कागद बघायला आला. कधी निघायचं, कुठे बसायचं, कुठल्या दिवशी बंदूक उचलायचीच नाही, हे सगळं तोच सांगतो, त्याच्या आधी त्याचे वडील सांगत. त्यानं कागद शांतपणे वाचून घेतला आणि विचारलं, “रानहंसांना कळवलंय का?” आम्ही पोट धरून हसलो. म्हातारा गंमत करतोय असं वाटलं.

एप्रिल संपायचा होता तेव्हाच बर्फ मऊ झाला आणि दक्षिणेकडून पहिला थवा आला. मामानं निघायला सांगितलं. शाळा मात्र चालू, आमच्याच कागदानुसार. आणि पुढच्याच सोमवारी सरकारचा माणूस यायचा होता! दादा, ओटावा होतं तेव्हा एक सुख होतं, शिव्या द्यायला लांबचं कुणीतरी होतं. आता लोक थेट माझ्या स्वयंपाकघरात. कुणी बूटसुद्धा काढेना. तिकडच्या साहेबाला काय कळतं, असं आपण म्हणायचो, आता तुला तरी कळायला हवं होतं, असं सगळे मलाच ऐकवत होते. समितीतला रूबेन उलट अडून बसला. साहेब येऊन जाईपर्यंत मुलं बाकावरच हवीत, रिकामी शाळा दिसली तर वर्ग गेलाच, असं त्याचं म्हणणं. आणि ते चूक नव्हतं.

मी मामाकडे गेले. तो तंबूत पसरायला स्प्रूस झाडाच्या फांद्या बांधत होता. म्हटलं, थोडे दिवस लोकांना थोपवून धर, तुझं सगळे ऐकतात. त्यानं मान हलवली. तो माणसांना थोपवतो ते रानहंसांसाठी, साहेबांसाठी नाही, असं म्हणाला. मी रडकुंडीला आले. त्याला सांगितलं, मी तारीख मोडली तर माझाच शब्द मोडतो, मग आपल्याला शाळा चालवता येते हे कोण मानेल? तेव्हा त्यानं फांद्या खाली ठेवल्या.

“पोरी, ओटावाची तारीख तुला बदलता येत नव्हती. ही तर तू घातलीस ना? मग चुकली म्हणायला तुला कुणाची परवानगी हवी?”

त्याच संध्याकाळी समिती बोलावली. रूबेन चिडला, पण शेवटी त्यानंही हात वर केला. सकाळी घंटा वाजलीच नाही.

सोमवारी सरकारचे तुर्कोत साहेब विमानातून बर्फावर उतरले तेव्हा शाळेला कुलूप आणि दारात मी एकटी. तोंड असं आंबट केलं त्यांनी! दोन दिवसांसाठी आले होते. मी म्हटलं, शाळा तिकडे गेलीय, चला दाखवते, आणि गॉर्डननं त्यांना बर्फगाडीच्या मागच्या घसरगाडीत कातड्यांत गुंडाळून शिबिरावर नेलं. नंतर बर्फ इतका मऊ पडला की त्यांचं विमान उतरेना, आणि बिचारे आठवडाभर आमच्याबरोबर अडकले. पिसं काढायला बसले की अर्धी त्यांच्या मिशीत जायची. पण दोरीला टांगून शेकोटीपाशी भाजलेला रानहंस खाताना तक्रार नव्हती.

एक दिवस वारा अगदी पडला. डोक्यावरून थव्यामागून थवे, इतके खाली की पंखांचा आवाज ऐकू यावा. आणि सगळ्या किनाऱ्यावर एकही बार नाही. मामा सकाळी नको म्हणाला होता. वारा नसला की आवाज दूरवर जातो, पाखरं जागा सोडतात. साहेबांनी विचारलं, कुणी बार काढलाच तर दंड कोण करतं? गॉर्डन म्हणाला, “कुणी नाही. पुढच्या वर्षी रानहंस इथे उतरणार नाहीत, आणि कुणामुळे ते सगळ्यांना ठाऊक असेल.” लीवाय साहेबांच्या शेजारी पोटावर पडून त्यांना पाखरांची नावं शिकवत होता.

मामा म्हणाला आता पुरे, तशी शिबिरं उठली. दुसऱ्या सकाळी घंटा झाली आणि एकही बाक रिकामा नव्हता. पूर्वी बोलणी खायच्या भीतीनं माणसं मुलांना घेऊन जूनपर्यंत तिकडेच रेंगाळायची. निघताना साहेबांनी विचारलं की मुळात मेच्या तारखा घातल्याच का. मी खरं सांगितलं: तारीख आधी घालायची असते, हे आम्ही तुमच्याकडूनच शिकलो. तेव्हा ते पहिल्यांदा मोकळं हसले. मागच्या आठवड्यात त्यांचं कळलं. वर्ग मिळाला, दादा. आणि सुट्टी आता मामा सांगेल तेव्हा.

त्या दिवशी मी धक्क्यावर जाऊन बसले आणि मला तूच आठवत होतास. तू सहाचा, मी पाचची. याच धक्क्याला विमान लागलं होतं, सरकारचा एजंट दोघांनाही दूरच्या निवासी शाळेत न्यायचं म्हणत होता, आणि तू माझ्यापुढे उभा राहून म्हणालास, हिला खोकला आहे, रात्रभर खोकते. मला काही झालं नव्हतं. खोकल्याला, क्षयाच्या नुसत्या शंकेला, ते किती भीत हे तुला एवढ्याशा वयात कसं कळलं? त्यांनी मला सोडलं, तुला नेलं. मी आईजवळ वाढले. वारा वाचायला शिकले, मामाचे टोमणे समजायला शिकले, आजीच्या गोष्टी तिच्या शब्दांत ऐकल्या. तुझ्याशी बोलायचं इंग्रजी पुढे गावच्या शाळेत उचललं. आज मी अध्यक्ष म्हणून आपल्या भाषेच्या वर्गासाठी भांडले, ती भाषा माझ्या तोंडात राहिली तुझ्यामुळे. हे मी तुला कधी सांगितलंच नाही. मी तुझी फार फार ऋणी आहे, दादा.

आईच्या अंत्यविधीला तू आलास तेव्हा मी बघत होते. सगळे आईबद्दल बोलत होते, हसत होते, रडत होते, आणि तू दाराशी टोपी हातात धरून उभा होतास. मी मधूनमधून इंग्रजीत अर्थ सांगत होते, पण किती सांगणार? दुसऱ्या दिवशी तू कामाचं निमित्त करून गेलास. मग फोनवर म्हणालास, आपल्याच घरी पाहुण्यासारखं वाटतं. त्यावर मला काही बोलता आलं नाही.

आता बोलते, कारण त्याचसाठी हे पत्र आहे. खाण सप्टेंबरात बंद होतेय असं तू लिहिलंस, आणि पुढे काय ते लिहिलं नाहीस. पहिलीत कोणाला घ्यायचं हे आता आम्हीच ठरवतो. परवाच्या बैठकीत मी मांडलं की ज्यांना त्या वयात गावातून नेलं, त्यांनाही या वर्गात बसता यावं, वय कितीही असो. मला वाटलं हसतील. रूबेननं सगळ्यांच्या आधी हात वर केला, आणि मग म्हणाला की त्यालाही बसायचंय. तेव्हा तुझं नाव घातलंय, दादा. आपली खोली मी झाडून ठेवलीय आणि सुताराला तुझ्या मापाचा बाक सांगितलाय. तुझ्या शेजारी लीवाय बसेल. बडबड्या आहे, पण त्याच्या मामाचं, म्हणजे तुझं, चुकलं तर हसणार नाही म्हणाला. मी विचारून घेतलंय.

तुझीच,
हॅटी