'याडी'चं शुद्धलेखन

मंगळवार, संध्याकाळ

उद्या पायल शाळेत येईल का? मला खरंच सांगता येत नाही.

चित्रकलेचा गृहपाठ होता, 'गावातली एक व्यक्ती'. पायलने आरशांची ओढणी घेतलेली बाई काढून वर्गाच्या वेबसाइटवर टाकली. खाली लिहिलं, 'याडी'. मला वाटलं, पोरगी शुद्धलेखनात चुकली. मी ते 'वेडी' करून टाकलं.

आज तिच्या वडिलांचा फोन आला. "मॅडम, आमच्या बंजाऱ्यांत याडी म्हंजे माय. माह्या बायकोले वेडी काहून लिवलं? सारा तांडा मोबाइलवर पाहून हासून राह्यला. पोरीले नाही पाठवत आता."

घरातली पहिली पदवीधर मी, आणि मला 'आई' वाचता आलं नाही. ओढणीवरचा एकेक आरसा तिने किती मन लावून रंगवला होता! शाळाच सुटली तर तिची? माझ्यामुळे?

परत फोन लावला, ते उचलत नाहीत. डोळ्यांपुढे तेच आरसे.

शेवटी तांडा जिथे हसला, तिथेच चित्राखाली लिहिलं: 'याडी म्हणजे आई. चूक पायलची नाही, माझी.' खाली माझं पूर्ण नाव. हेडसरही वाचतील. भीती वाटत होती, तरी टाकलं.