सक्करला पाच दिवस

मामंजी,

उद्या सकाळच्या आगबोटीनं सासूबाई आणि मी कराचीला निघतोय. तिथून आगगाडीनं सक्करला. तरुणपणी दोन वर्षं तुम्ही जिथे कालव्यांच्या कचेरीत कारकुनी केलीत, तेच सक्कर. पाच दिवस राहायचं आणि परत यायचं. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, पण ही बातमी ऐकून मनापासून हरखलं असतं असं दुसरं माणूस मला आठवेना. आज अर्धा दिवस भरून शाळेला नाताळची सुट्टी लागली, म्हणून दुपारीच दौत-टाक घेऊन बसले आहे. सासूबाई आत दशम्यांसाठी दुधात पीठ भिजवताहेत. बोटीवरचं पाणीसुद्धा त्या पिणार नाहीत. दोन कळशा भरून, वर फडकी बांधून दाराशी ठेवल्या आहेत आणि जाता-येता मला बजावताहेत, "त्यांना हात लावू नकोस हं, तू शाळेतली शिवाशिव करून आलेली."

तिथे काय काय पाहायचं याचा मी एक कागद केला होता. पहिल्या दिवशी टेकडीवरचा तो उंच मनोरा, दुसऱ्या दिवशी होडीनं बेटावरच्या साधूंच्या देवळात, तिसऱ्या दिवशी रोहरी आणि नवा लोखंडी पूल, चौथ्या दिवशी बैलगाडीनं अरोरच्या जुन्या राजधानीचे पडके अवशेष. सासूबाईंना वाचून दाखवला. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शाळा आहे का ती? घंटा झाली की ऊठ, घंटा झाली की बस. मला नाही बाई जमायचं." मग आम्ही वाटाघाटी केल्या. मनोरा गेला, कारण जिने फार. अरोर गेलं, कारण पडकी घरं काय गिरगावात नाहीत? होडी राहिली. पूल लांबून पाहायचा ठरला. उरलेले तीन दिवस काय करायचं, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "काठावर बसायचं. नदी जाते ती बघायची." एवढा सोपा बेत मी जन्मात केला नव्हता. कागद खोडून खोडून त्यावर दोन ओळी राहिल्या आहेत.

ती नदी मी तुमच्याकडूनच पहिल्यांदा पाहिली, ठाकूरद्वारच्या याच घरात, याच स्वयंपाकघराच्या जमिनीवर. तुमचा मुलगा गेला तेव्हा मी बारा वर्षांची. माझे केस राहू द्यायचे यावरून तुम्ही सगळ्या भाऊबंदांशी वैर घेतलं होतंत, आणि मला मात्र त्यातलं काही कळत नव्हतं. चुलीमागच्या कोपऱ्यात बसून असायचे. एके दिवशी तुम्ही उंबऱ्याशी पाट घेऊन बसलात, चिमूटभर राख मागून घेतलीत आणि जमिनीवर एक जाड रेघ ओढलीत. "ही सिंधू. हे मधलं बेट. या काठाला सक्कर, त्या काठाला रोहरी. आणि रोहरीच्या पलीकडे वाळू. दिवसभर चाललास तरी वाळूच." मुलाशी बोलायची सवय, म्हणून तुम्ही 'चाललास' म्हणालात आणि एकदम गप्प झालात. ती गप्प वेळ मला सोसेना, म्हणून मी तोंड उघडलं. सासऱ्यांशी आपण होऊन बोललेलं माझं ते पहिलं वाक्य. "वाळवंटात नदी कशी?" तुम्ही म्हणालात, "ती येते हिमालयातून. तिला काय ठाऊक, वाटेत वाळवंट आहे म्हणून!" दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना पाटी घेऊन आलात.

पाटी आली आणि महिन्याच्या आत तुमची बोलणी खाल्ली. वाडीतल्या काकू हळद कांडायला आल्या, तशी मी पाटी तांदळाच्या मडक्यामागे सारली. तुम्ही ओटीवरून पाहिलंत. काकू गेल्यावर आत आलात. "चोरीची आहे का ती?" मी नाही म्हणून मान हलवली. "मग लपवलीस का? शिकायचं नसेल तर उद्या परत देऊन येतो. शिकायचं असेल तर चारचौघांत शीक." त्या संध्याकाळी तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. रडले मी, पण पाटी पुन्हा लपवली नाही. सहा वर्षांनी मुलींच्या शाळेत मला शिक्षिकेची जागा मिळाली तेव्हा तुम्ही वहाणा आणून समोर ठेवल्यात. बाईमाणसानं, तेही विधवेनं, वहाणा घालून रस्त्यानं जायचं म्हणजे वाडीला आठवडाभराचा विषय. "पोळलेल्या पायांनी शिकवता येत नाही," एवढंच तुम्ही म्हणालात. पहिल्या दिवशी दहा पावलं पुढे तुम्ही आणि मागे मी. कुणीतरी गॅलरीतून हसलं, तेव्हा तुम्ही थांबून वर पाहिलंत आणि तो माणूस आत गेला. शाळेच्या दारात म्हणालात, "आता माझं काम संपलं." वर्षभरात तुम्ही गेलात. आभार मानायचे राहूनच गेले. ते मानायचे असतात हेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी बाळंतपणाला माहेरी आली. तिचा नवरा सक्करला रेल्वेत आहे. म्हणाली, "बाई, हे मला न्यायला येणार आहेत. तुम्ही आमच्याबरोबर चला. घर अगदी नदीवर आहे." येताना मात्र आम्हा दोघींनाच यावं लागणार. सासूबाईंना विचारलं तर तुटकपणे म्हणाल्या, "तू जा. मी कशाला?" सक्करचं नाव त्यांना कधी आवडलं नाही. त्या नव्या सून असताना त्यांना घरात ठेवून तुम्ही तिकडे गेला होतात. तुमच्या आईनं त्यांना पाठवलं नव्हतं हे खरं, पण राग सक्करवर.

नाताळची सुट्टी पुरणार नव्हती, म्हणून मी आणखी चार दिवसांचा अर्ज केला. शाळेच्या मंडळातले एक वयस्कर गृहस्थ अर्ज हातात घेऊन वर्गाच्या दारात आले. "बाई, कारण लिहिलंय 'सक्कर पाहण्यासाठी'. तिथे सिंधुस्नान लिहा. तीर्थयात्रा म्हटलं की कुणी बोलणार नाही. विधवा शिक्षिका मौजेनं परगावी जाते असं झालं तर लोक मुली काढून नेतील. आणि मग तुमच्या जागेचं मला काही सांगता येणार नाही." माणूस वाईट नव्हे. माझ्या भल्याचंच सांगत होता. वर्गातल्या तीस मुली हातातली लेखणी थांबवून ऐकत होत्या. मी म्हटलं, "नदीत आंघोळ करीनच, रावसाहेब. पण जायचंय ते बघायला." चार दिवस अर्ज त्यांच्याकडे पडून होता. मी रोज शाळेत जात होते आणि रोज वाटत होतं, आज बोलावून सांगतील, उद्यापासून येऊ नका. पाचव्या दिवशी सही होऊन आला. खाली शेरा होता, 'पुन्हा असा अर्ज येऊ नये.' एक मुलगी शाळेतून गेली. बाकीच्या आहेत.

ही हकीकत मी घरी जेवताना सांगितली. सासूबाई उठल्या. हात धुऊन आल्या, फडताळातलं गाठोडं काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. तुमची सक्करहून आलेली पत्रं. मला ती घरात आहेत हेही ठाऊक नव्हतं. "भावोजी ओटीवर मोठ्यानं वाचायचे," त्या म्हणाल्या. "मी दाराआड उभी असायची. माझ्यासाठी कधी काही नसायचं. तू एकदा नीट वाच." मी वाचायला लागले. तुमचं मोडी अक्षर तेव्हाही तसंच, घाईचं. वडिलांना साष्टांग नमस्कार, आईच्या गुडघ्याची चौकशी, उन्हाळा, पाण्याची चढउतार, खजुराचा भाव. अकरा पत्रं. सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. दहा झाली. अकराव्या पत्राच्या शेवटी, सही होण्याआधी, मी वाचलं, "संध्याकाळी नदी तांबूस होते. घरच्या माणसाला एकदा दाखवावी असे फार वाटते."

सासूबाई म्हणाल्या, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं, शब्द न बदलता.

"भावोजींनी हे कधी वाचलं नाही."

"आजेसासूबाई समोर बसलेल्या असायच्या ना? कसं वाचतील?"

"हो," त्या म्हणाल्या. "लाजले असतील." मग पत्रं बांधता बांधता म्हणाल्या, "तिथे थंडी असते का गं? माझी घोंगडी घ्यावी लागेल."

मामंजी, ते वाक्य पत्रात नाही. तुमच्या नावावर मी ते घातलं. तुमच्या मनात ते असेलच अशी माझी खात्री आहे, पण ती माझी खात्री, तुमचं अक्षर नव्हे. त्याहून मला टोचतं ते दुसरंच. त्यांना वाचता येत असतं तर मला असं करता आलं नसतं. तुम्ही मला शिकवलंत, मी एवढ्या मुलींना शिकवलं. आणि इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर एका चुलीवर जेवले, त्यांना 'शिकता का' असं मी एकदाही विचारलं नाही. सुचलंच नाही मला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. शाई ओली आहे, म्हणून कागद इथेच पसरून ठेवला आहे. सासूबाई आता हात पुसत बाहेर येतील आणि विचारतील, "कुणाला एवढं लिहितेस?" काय सांगायचं, ते अजून माझं ठरलेलं नाही.